कर्मवीर अण्णांचे बोर्डिंग



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यायचे, ही आता रूढी झाली आहे. यंदा संपादक मंडळींनी ते काम माझ्या गळ्यात घातले. मी रेल्वेतला माणूस. शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, तेही कऱ्हाडला झालेले. रूळ, खडी आणि स्लीपर यांच्याशी रोजची गाठ. तपासणीचे अहवाल सोडले तर लेखणीला फारशी सवय नाही, तेव्हा भाषेतले खाचखळगे वाचकांनी सांभाळून घ्यावेत. विषय मात्र मी स्वतः निवडला आणि त्याला कारण आहे.

गेली काही वर्षे आपल्या महाप्रसादाला कॉलेजची मुले-मुली मोठ्या संख्येने येऊ लागली आहेत. कोणी लातूरचा, कोणी गडचिरोलीचा, कोणी नंदुरबारच्या आदिवासी पाड्यातला. कोणी गुरुग्राम-मानेसरच्या कॉलेजात, तर कोणी दिल्लीत स्पर्धा परीक्षेच्या खोलीत अडकलेला. वाढपी म्हणून पंगतीत फिरताना लक्षात येते, की काही मुलांची भूक एका दिवसाची नसते. आणि काही मुले पोटभर जेवूनसुद्धा उठायला तयार नसतात, कारण मराठीत बोलायला कोणी भेटलेले असते. शिष्यवृत्ती वर्ष संपत आले तरी जमा होत नाही, खोलीचे भाडे थांबत नाही, वर्गात आडनाव ऐकून किंवा इंग्रजी ऐकून कोणी हसते, आणि घरी फोनवर सगळे ठीक आहे असेच सांगायचे असते. हे सगळे ऐकले, की सातारा जिल्ह्यातल्या माणसाला एकच नाव आठवते. कर्मवीर भाऊराव पाटील. आमच्याकडे त्यांना अण्णा म्हणतात.

जाता जाता एक गोष्ट. आपण राहतो ते गाव द्रोणाचार्यांचे, अशी आख्यायिका आहे. २०१६ साली गुडगावचे गुरुग्राम झाले ते त्याच आधारावर. पण याच गुरुग्रामात खांडसा गावी एकलव्याचेही छोटे मंदिर आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. गुरूच्या गावात दाराबाहेर राहिलेल्या शिष्याचीही आठवण लोकांनी जपून ठेवली आहे. अण्णांचे आयुष्य दाराबाहेरच्या त्या शिष्यासाठी गेले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी झाला. घराणे जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलायचे. मुलगा अंगापिंडाने दणकट, पोहण्यात आणि कुस्तीत रमणारा, अभ्यासात यथातथाच. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने रागाने विहिरीचा रहाटच मोडून आत टाकला, अशी गोष्ट आमच्या भागात लहानपणापासून ऐकवली जाते.

पुढच्या शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात केली. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर. जातीजातीची मुले शिकावीत म्हणून महाराजांनी वसतिगृहांमागून वसतिगृहे उभी करवली होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, तेव्हा १९०८ च्या सुमारास भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचा कारभार अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. शिस्तभंगाबद्दल भाऊरावांना बाहेर काढण्यात आले. महाराजांच्या आश्रयाने त्यांची सोय झाली खरी, पण मॅट्रिकपर्यंत गाडी काही पोहोचली नाही.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात वसतिगृहांची मोठी साखळी उभी करणारा माणूस स्वतः वसतिगृहातून हाकललेला विद्यार्थी होता. छप्पर नसणे म्हणजे काय, आणि छप्पर देणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढचा प्रसंग त्याहून कठीण आहे. कोल्हापुरात १९१४ साली इंग्रज राजघराण्यातील पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. आपल्याला बोर्डिंगातून काढणाऱ्या माणसावर सूड उगवण्याची याहून सोपी संधी कोणती? पण खोटी साक्ष द्यायला भाऊराव तयार झाले नाहीत. त्यांना अटक झाली, छळ झाला. त्या काळात त्यांनी स्वतःचा जीव देण्याचाही प्रयत्न केला. पहिलवान गड्याची ही अवस्था झाली होती. त्यांच्या जयंतीच्या भाषणांत हा भाग बहुधा दोन शब्दांत उरकतात किंवा गाळतात. माझ्या मते तो गाळू नये. एवढा खंबीर माणूससुद्धा एकदा पार कोसळला होता आणि त्यातून बाहेर येऊन पंचेचाळीस वर्षे कामाचा डोंगर उपसून गेला, हे आजच्या मुलामुलींना कळले पाहिजे. खचणे म्हणजे नालायक असणे नव्हे.

या आधीच, १९१० साली, दूधगाव येथे काही स्नेह्यांबरोबर त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला होता. साताऱ्यात शिकवण्या करीत असल्यामुळे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. उपजीविकेसाठी मग त्यांनी फिरतीची विक्री केली. आधी ओगल्यांचा काचमाल, नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर. आम्हा यंत्रवाल्यांना या भागाचे विशेष कौतुक! नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरताना त्यांना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. कर्ज, अंधश्रद्धा, कोर्टकज्जे आणि सगळ्याच्या मुळाशी निरक्षरता. पुढे धनजीशा कूपर यांच्याबरोबर पाडळी येथे कारखाना काढण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुणे-मिरज मार्गावर सातारा रोड स्टेशन लागते, तेच हे ठिकाण. कारखान्याच्या नफ्यातून शिक्षणसंस्थेला पैसा द्यायचा यावरून त्यांचे कूपरांशी बिनसले आणि भाऊरावांनी तो मार्ग सोडला. त्या भांडणाच्या रंगतदार कथा आमच्याकडे सांगतात, त्या इथे नकोत.

संस्था मात्र त्याआधीच सुरू झाली होती. कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तिथे एक छोटे वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये भाऊरावांनी संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलवले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

इथे थोडे थांबून हे बोर्डिंग चालत कसे होते ते पाहू, कारण खरी गंमत त्यात आहे. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे, अस्पृश्यांचे वेगळे अशी वसतिगृहे होती. त्या काळात तेवढेच शक्य होते आणि तेही फार मोठे पाऊल होते. भाऊरावांनी पुढची पायरी चढली. एकाच चुलीवर स्वयंपाक, एकाच पंगतीत जेवण. स्वयंपाक मुलांनीच करायचा, त्यामुळे महार-मांगांच्या मुलांच्या हातची भाकरी पाटलाच्या मुलाच्या ताटात पडे आणि पाटलाच्या मुलाने घासलेले भांडे दुसऱ्याच्या हाती जाई. समतेवर व्याख्यान देण्याची वेळच येत नसे. व्याख्यान ऐकून घरी जाऊन विसरता येते. रोज दोन वेळा पोटात जाणारी भाकरी विसरता येत नाही.

माझे एक चुलत आजोबा १९५० च्या आसपास तिथे शिकले. त्यांच्या बोलण्यात पुस्तकांपेक्षा भाकरी-आमटीचा आणि पहाटेच्या कामाचाच उल्लेख जास्त असे. खेड्यातून आलेल्या मुलाला त्याची भाषा, त्याचे धोतर, त्याचे गाव यांवरून कोणी चिडवले तर ते फार काळ टिकत नसे. कारण सकाळी दोघांनाही एकाच खड्ड्यात उतरून एकाच टोपलीने माती वाहायची असे.

पैसा कुठून येई? भाऊराव खांद्यावर घोंगडे टाकून गावोगाव हिंडत आणि मूठ-मूठ धान्य गोळा करीत. रोख देणारे थोडे, पण सुगीत एक मूठ ज्वारी कोणाला जड नसते. यात हिशेबापलीकडचे शहाणपण होते. मूठभर धान्य देणाऱ्या बाईला ते बोर्डिंग आपले वाटू लागे, आणि पुढच्या वर्षी ती आपला मुलगाही तिथे पाठवी. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर गाडीचा भार एका स्लीपरवर कधीच येत नाही. तो शेजारच्या सगळ्यांत वाटला जातो, खाली खडीत पसरतो, म्हणून रूळ टिकतो. भाऊरावांची संस्था एखाद्या धनिकाच्या खांबावर उभी नव्हती. अशी वाटून घेतलेल्या भारावर उभी होती.

तरीही धान्य संपण्याचे दिवस येत. अशा वेळी पुढे आल्या त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सधन माहेरच्या, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. घरात सगळ्या जातींची पोरे वावरणार हे त्यांना सुरुवातीला सोपे गेले नसणारच. पण पुढे त्या पोरांच्या त्या आई झाल्या. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, रडणाऱ्याला जवळ घेणे, कोण कमी जेवतो आहे हे ओळखणे, ही सगळी कामे त्यांची. अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगच्या खर्चात गेले. एकदा भाऊराव गावी नसताना मुलांना खायला काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि धान्य आणवले. त्या काळात सवाष्ण बाईने मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. रयतेचा इतिहास भाऊरावांच्या नावाने लिहिला जातो ते योग्यच, परंतु त्या बोर्डिंगातल्या मुलांच्या मनाचा सांभाळ करण्याचे श्रेय मी तरी आधी लक्ष्मीबाईंना देईन. आज ज्याला समुपदेशन म्हणतात त्यातला निम्मा भाग कोणीतरी आपल्या ताटाकडे लक्ष ठेवून आहे एवढ्या जाणिवेचा असतो.

एका मुलाची हकीकत सांगितली पाहिजे. अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसवलेला एक हुशार मुलगा भाऊरावांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याला तिथून उचलून कोल्हापूरला मिस क्लार्क बोर्डिंगात नेऊन दाखल केले. हा मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या मूकनायक या पत्राचे संपादक झाले आणि मुंबईच्या कायदेमंडळातही गेले. वर्गाबाहेरच्या दगडापासून कायदेमंडळापर्यंतचे अंतर एका हाताच्या आधाराने कापले गेले.

पुणे करार झाला त्या १९३२ साली भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, कारण खेड्यात शाळा काढायच्या तर खेड्यात टिकणारे शिक्षक हवेत. मुलींसाठी जिजामातेच्या नावाने अध्यापिका विद्यालय आले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, ते कमवा आणि शिका या तत्त्वावर. आणि जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्य दाराशी आले असताना, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. गरिबाच्या मुलाने श्रम करावेत आणि फी न भरता पदवी घ्यावी, असे हे कॉलेज. देणगीच्या बदल्यात कॉलेजचे नाव बदलण्याची सूचना एकदा आली, ती त्यांनी साफ धुडकावली. याच मुशीतून गेलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

कमवा आणि शिका म्हणजे गरिबांच्या मुलांकडून काम करून घेणे, असा एक आक्षेप मी ऐकला आहे. आक्षेप अगदीच फोल नाही. योजना कागदावर उरली आणि गरीब मुलगा झाडू मारतो, पैसेवाला बाकावर बसून पाहतो, असे झाले तर तो अपमानच. पण बोर्डिंगात श्रम सर्वांना होते आणि भाऊराव स्वतः कुदळ घेऊन उतरत. त्यामुळे कष्टाची लाज राहिली नाही, आणि फुकट खातो आहोत अशी टोचणीही राहिली नाही. मदत घेणाऱ्याची मान ताठ राहणे ही मदतीइतकीच मोठी गोष्ट आहे. पुणे विद्यापीठाने आपली कमवा व शिका योजना कर्मवीरांच्याच नावाने चालवली आहे. आजच्या इंजिनिअरिंगच्या वेळापत्रकात चार तास अंगमेहनत बसवणे अवघड, हेही मान्य. ग्रंथालय, प्रयोगशाळा, लहान मुलांच्या शिकवण्या अशी कामे मात्र बसू शकतात.

सत्तेपुढे वाकण्याचा स्वभाव नव्हताच. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला होता. त्याच सुमारास त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदानच बंद केले. शेकडो मुलांच्या जेवणाचा प्रश्न! पण रयत उभी राहिली, गाडगे महाराजांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. कऱ्हाडला १९५४ मध्ये निघालेल्या कॉलेजला गाडगे महाराजांचे नाव दिले गेले. अक्षरओळख नसलेल्या संताच्या नावाचे कॉलेज, हा योगही भाऊरावांनाच सुचू जाणे.

आता आजचे थोडे. सरकारला या प्रश्नाची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधारसारख्या योजना आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपल्या ओळखीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला द्यावा. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. पैशाची ओढ, जातीवरून होणारी वागणूक आणि मनाची घुसमट हे तीन प्रश्न एकाच मुलाच्या खोलीत एकत्र राहतात, पण त्यांची खिडकी प्रत्येक कार्यालयात वेगळी असते. भाऊराव-लक्ष्मीबाईंच्या बोर्डिंगात खिडकी एकच होती, आणि ती रात्रीही उघडी असे.

१९५९ साल उजाडले तेव्हा भाऊराव थकले होते. पांढरी दाढी, खादी, हातात काठी, असे त्यांचे रूप घरोघरच्या तसबिरींत आहे. त्या वर्षी पद्मभूषण मिळाले आणि मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. काल्याच्या त्या लहानशा वसतिगृहापासून निघालेल्या संस्थेची आज चाळीसहून अधिक महाविद्यालये आणि चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत.

शेवटी मंडळाच्या कामाचे. उत्सवानंतरच्या बैठकीत मी दोन सूचना मांडणार आहे. वर्गणीतून उरलेल्या रकमेचा एक भाग अडलेल्या विद्यार्थ्याचे मेसचे बिल किंवा परीक्षा फी भरण्यासाठी बाजूला ठेवावा, आणि कोणाला दिली ते फक्त दोघा पदाधिकाऱ्यांना ठाऊक असावे. दुसरी सूचना रविवारच्या जेवणाची. ज्या घरांना महिन्यातून एकदा एखाद्या विद्यार्थ्याला जेवायला बोलावणे शक्य आहे, त्यांनी मंडपात आरतीच्या टेबलाशेजारी ठेवलेल्या वहीत नाव आणि सेक्टर लिहावे. जात, गाव, आडनाव यांचा रकाना वहीत ठेवलेला नाही. तिखट किती चालते, एवढा एक रकाना मात्र सौ.च्या आग्रहावरून घातला आहे.

गणपती बाप्पा मोरया!